पलीकडच्या खणातली बेडकं

मालकांना जेवायला बोलवायचं ठरलं की शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीतल्या बायका आधी भांडी तपासायला घेत. घासली आहेत का हे नव्हे, कुणाची आहेत हे. मालक पाटावर बसले की त्यांचा हात भाताकडे जात नसे, तांब्याकडे जाई. तांब्या उचलायचा, चष्मा कपाळावर सारायचा आणि त्याच्या गळ्याखाली कोरलेलं नाव वाचायचं, आणि मनातल्या मनात वाचायची सवय त्यांना नव्हती. एका बारशाला त्यांनी असाच तांब्या उचलला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की हा तर कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंचा, त्यांच्या लेकीच्या लग्नात मीच नाव घातलं होतं. डॉक्टरीणबाई समोरच्याच पंगतीत बसल्या होत्या आणि त्या तांब्याचा शोध त्यांनी केव्हाच सोडून दिला होता. यजमानीणबाई पुढे बरेच दिवस आमच्या दारावरून मान वळवून जात. मालकांना त्याचं काहीच वाटलं नाही. मी कुठं हात लावला, मी नुसतं वाचलं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांना मालक म्हणायचं ते घरमालक म्हणून नव्हे. दुकानात, तालमीत, बोळात सगळेच त्यांना मालक म्हणत, अक्कासुद्धा. अक्का म्हणजे त्यांची बायको, माहेर सीमेपलीकडचं, रागावल्या की कानडीत आणि माया आली की मराठीत बोलणाऱ्या. मालकांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं, ते मुलाच्या हवाली करून ते घरी बसले होते. येताना दुकानातली एकच वस्तू त्यांनी बरोबर आणली, ती म्हणजे भांड्यावर नाव घालायचं मशीन. मुलाने नवं घेतलं.

मी त्यांची भाडेकरू. मूळची जालन्याची, इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आलेले आणि पीएच.डी.साठी चंदगडचे बेडूक घेतलेले. हे ऐकून बहुतेक लोक आधी हसतात आणि मग माफी मागतात. मालक हसले नाहीत. "तुमच्याकडं न्हाईत, म्हणून आमची बघाय आलीस व्हय," एवढंच म्हणाले आणि खोली दाखवायला जिना चढले. वर गेल्यावर त्यांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी परत विचारलं. मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मला वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतंय. दुसऱ्या दिवशी खोलीतल्या कळशीवर माझं नाव कोरलेलं होतं, वेलांट्या-उकार जिथल्या तिथे. कळशी त्यांची आणि नाव माझं. अक्का म्हणाल्या, "आता तू गेलीस तरी ही कळशी मी कुनाला देऊ शकत न्हाई बघ. ह्यांचं आसंच आसतंय."

त्या घरात नावाशिवायची वस्तू सापडायची नाही. स्कूटरच्या डिक्कीवर नाव, छत्रीच्या दांड्यावर नाव, अक्कांच्या चष्म्याच्या डबीवर नाव. मांजराच्या दुधाच्या ताटलीवर 'मांजर' असं कोरलेलं होतं, कारण मांजराचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं. एकदा मी चेष्टेने म्हटलं की मालक, तुम्ही झोपलात की अक्का तुमच्यावर नाव घालतील. ते म्हणाले, लग्नातच घातलंय, आत हाय, दिसत न्हाई.

आमचा कॉम्प्युटर हे त्या घरातलं एकमेव भांडं जे दोघांच्या नावाचं होतं. मला बेडकांचे आवाज टेपवरून काढून साठवायला आणि त्यांचे आलेख काढायला कॉम्प्युटर हवा होता. एकटीला परवडत नव्हता. मालकांना तो हवा होता, कारण बेंगळूरला कॉम्प्युटरमध्ये असलेल्या पुतण्याने त्यांना सांगितलं होतं की काका, हे तुम्हाला जमेल. मालकांच्या बाबतीत तेवढं पुरे होतं. आम्ही निम्मे-निम्मे पैसे घातले आणि माडीवर माझ्या खोलीबाहेर जी मधली खोली होती, जी त्यांचीही नव्हती आणि माझीही नव्हती, तिथे तो मांडला.

पुतण्या दिवाळीला आला तेव्हा त्याने हार्ड डिस्कचे दोन भाग केले. एका भागात माझी विंडोज, दुकानदाराने घालून दिलेली. दुसऱ्या भागात मालकांसाठी लिनक्स. लिनक्स फुकट मिळतं आणि ते वापरणं चोरी होत नाही, हे कळल्यावर मालक जे त्याच्या प्रेमात पडले ते कायमचे. पार्टिशन हा शब्द त्यांना आवडला नाही, त्याने फाळणीची आठवण होते म्हणाले. ते खण म्हणत. हा माझा खण, पलीकडं तुझा खण.

आता यात एक गंमत होती, आणि ती पुतण्याने आम्हाला दोघांना समोर बसवून सांगितली. लिनक्समध्ये बसलेल्या माणसाला विंडोजचा खण दिसतो. उघडता येतो, आतल्या फायली वाचता येतात. विंडोजमध्ये बसलेल्या माणसाला मात्र लिनक्सचा खण दिसतच नाही. तिथे काहीतरी आहे एवढंच कळतं, काय ते कळत नाही. म्हणजे मालकांना माझं सगळं दिसणार आणि मला त्यांचं काही दिसणार नाही. मला याचं काही विशेष वाटलं नाही. माझ्याकडे बेडकांशिवाय होतं काय? पण मालक अस्वस्थ झाले. जेवणात लक्ष नव्हतं. हात धुताना ते मला म्हणाले, "हे काय बरोबर न्हाई. भाडेकरूच्या खोलीला खिडकी आसावी, पर ती मालकाच्या बाजूला नसावी."

त्यावर त्यांनी स्वतःच तोडगा काढला, आणि तो त्यांनी, एकदाचा अपवाद सोडला तर, शेवटपर्यंत पाळला. एका रविवारी सकाळी माझ्या दारावर टकटक झाली. "आत येऊ का?" मालकांचा आवाज. मी घाईघाईने गादीवरचे कपडे कपाटात कोंबले, खुर्ची पुसली आणि या म्हटलं. कुणीच आलं नाही. मी वाट बघितली, मग दार उघडून पाहिलं, तर मालक मधल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसून माझा खण उघडत होते. त्यांनी परवानगी खोलीत यायची मागितलीच नव्हती. पुढे ही टकटक रोजची झाली. मी आतून या म्हणायचं आणि कुणी यायचं नाही. एकदा माझी आई जालन्याहून राहायला आली होती. हा प्रकार दोन दिवस बघून तिने मला हळूच विचारलं की यांचं डोकं बरं आहे ना.

मला त्यांचा खण दिसत नाही याचीही त्यांनी भरपाई करून टाकली. दर शनिवारी संध्याकाळी ते मला आपल्या खणात काय काय आहे ते तोंडी सांगत. मी नको नको म्हटलं तरी सांगत. नातवाचे फोटो, त्यातला एक हललेला. पत्त्यांचा एक खेळ, हरायचाच. आणि भजनं. पेठेतल्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेटी त्यांनी एकेक करून कॉम्प्युटरमध्ये भरायला घेतल्या होत्या आणि त्यांचा खण जवळजवळ भरत आणला होता. या आठवड्यात कोणतं भजन भरलं, त्यात पेटी कुठे चुकली आणि टाळकऱ्याला खोकला कुठे आला, हे मला ऐकावं लागे.

माझ्या खणात काय होतं, तर दोन पावसाळे. चंदगडचा पाऊस ज्याने बघितला नाही त्याला सांगून कळायचं नाही. तिथे एसटीतही छत्री उघडून बसावं लागतं. भाताच्या खाचरात, काजूच्या बागेत, विहिरींच्या काठावर मी छत्रीच्या दांड्याला माइक बांधून उभी राहत असे. चांगल्या टेपा माझ्याकडे मोजक्याच होत्या. एक फेरी झाली की मी आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचे आणि पुढच्या फेरीला त्याच टेपेवर नवे बेडूक भरायचे. म्हणजे टेपेवर जे उरलं होतं ते शेवटच्या फेरीचं. बाकी सगळं त्या खणात होतं, आणि फक्त त्याच खणात.

मालक माझ्या परवानगीने आत येत ते बेडूक ऐकायला. मी फायलींना ठिकाण आणि क्रमांक अशी नावं दिली होती; ते बघून ते म्हणाले, ही काय कैदी हायत? त्यांना बेडकांची मराठी नावं हवी होती, आणि बहुतेकांना तशी नावं नव्हतीच. मी लॅटिन नावं सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि आपली वेगळी ठेवली. एकाचं नाव कुकर, तो सुरुवातीला फुसफुस करून मग शिट्टी मारी म्हणून. एक तर हुबेहूब त्यांच्या नाव घालायच्या मशीनसारखा टर्र करी. त्याचं नाव त्यांनी धंदेवाला ठेवलं. संध्याकाळी खालून अक्का ओरडून विचारत, "आज कोन बोलालंय वर?" आणि मालक वरून सांगत, "धंदेवाला." मी कॉलेजात गंभीर चेहऱ्याने बेडकांवर भाषण देत असताना माझ्या जिभेवर कुकर येई आणि मला खोकावं लागे.

पलीकडच्या खणात वाचायचं, पण लिहायचं नाही, हा मात्र नियम होता आणि तो मालकांनी केलेला नव्हता. त्या काळच्या लिनक्सला विंडोजच्या खणात लिहिणं धड जमत नसे. लिहायला गेलं तर आतली सगळी रचना विस्कटू शकते, असं पुतण्याने तीनतीनदा बजावलं होतं. मालकांना हा नियम फार पटला. पावण्यानं कसं वागावं ते ह्या मशीनला कळतंय, म्हणाले. चहा घ्यावा, भिंतीवरचे फोटो बघावेत, घरच्यांचे डबे हलवू नयेत. ते स्वतः कुणाकडे गेले तर खुर्चीसुद्धा पुढे ओढत नसत. लांब असेल तर लांब बसून बोलत.

मग पुढच्या दिवाळीला पुतण्याने नवी सीडी पाठवली. नव्या लिनक्समध्ये एक फट उघडली होती. पलीकडच्या खणात नवी फाइल करता येत नव्हतीच, पण आधीच असलेल्या फायलीत, तिची लांबी एका अक्षरानेही कमी-जास्त न करता, आतला मजकूर बदलता येत होता. हे वाचून मालकांच्या अंगात काय संचारलं असेल ते मी समजू शकते. जन्मभर त्यांनी हेच केलं होतं. भांडं लहान-मोठं करायचं नाही, आहे त्या जागेत अक्षरं बसवायची.

आणि कुठे लिहायचं तेही त्यांच्या डोक्यात कधीचं होतं. दुकानदाराने माझी विंडोज दोनदा घातली होती. पहिली बिघडली म्हणून तिच्या शेजारी दुसरी. त्यामुळे मशीन चालू केलं की पडद्यावर सारख्या दिसणाऱ्या दोन ओळी येत. वरची निवडली तर विंडोज चालू होई, खालची निवडली तर काहीच होत नसे. या ओळी माझ्याच खणातल्या एका छोट्या फायलीत लिहिलेल्या होत्या. मालकांना हे सहन होत नव्हतं. दोन सारखी पातेली, त्यातलं एक गळकं, आणि एकावरही नाव नाही. मी दिवाळीला जालन्याला गेले होते. मी परत यायच्या आत वरच्या ओळीवर माझं नाव घालून मला चकित करायचं, असं त्यांनी ठरवलं.

ते भांडंवाले होते हे इथे नडलं. भांड्यावर नाव घालायचं तर आधी जागा फडक्याने स्वच्छ पुसून घ्यायची आणि मग मधोमध कोरायचं. त्यांनी ती ओळ आधी सगळी पुसली. मग मधोमध माझं नाव लिहिलं, दोन्ही बाजूंना मोकळ्या जागा मोजून भरल्या, लांबी तंतोतंत जुळवली. काम म्हणून ते सुंदरच होतं. फक्त त्या ओळीत दिसायचं नाव तेवढंच नव्हतं. विंडोज डिस्कवर कुठे राहते तो पत्ताही त्याच ओळीत होता, आणि तो फडक्याबरोबर गेला.

मी सकाळच्या गाडीने आले. मालक जिन्यातच उभे होते आणि मला बॅगसुद्धा ठेवू देईनात. मशीन लावलं. काळ्या पडद्यावर मधोमध माझं नाव उमटलं. मला खरंच फार आनंद झाला, तो मी लपवला नाही. अक्का चहा घेऊन वर आल्या होत्या, त्याही बघत होत्या. मी ती ओळ निवडली आणि विंडोजची एक महत्त्वाची फाइल सापडत नाही, अशी इंग्रजी ओळ आली. परत लावलं. परत तेच.

मालकांनी काय केलं ते सांगितलं, आणि त्यांनी ते नीट, काही न लपवता सांगितलं. मला फक्त एवढंच ऐकू आलं की त्यांनी आत लिहिलं. मी म्हटलं, "मालक, माझे दोन पावसाळे आहेत आत." मी खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

उन्हाळा झाल्यावर मला प्रबंध द्यायचा होता. बेडूक आता जूनपर्यंत बोलणार नव्हते, आणि बोलले तरी ते नवे बोलणार होते; गेले ते परत मिळणार नव्हते. मी त्या दिवशी रडले आणि मालकांचा मला अतोनात राग आला. पुतण्याला फोन करायला ते तयार नव्हते, कारण त्यानेच बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानदार येऊन बघून गेला. फॉरमॅट मारावा लागंल मॅडम, म्हणाला, आतलं काय ऱ्हाईल न ऱ्हाईल त्येची गॅरंटी न्हाई. उद्या येतो म्हणून गेला.

तो गेल्यावर थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. "आत येऊ का?" मी उत्तर दिलं नाही. मला वाटलं, जातील. बऱ्याच वेळाने अक्का वर आल्या आणि दाराबाहेरून मला म्हणाल्या, "आगं, त्ये मघापास्नं दारात उभं हाईत. व्हय म्हण न्हाईतर न्हाई म्हण, पर काय तरी म्हण." मी रागातच या म्हटलं. आणि नेहमीप्रमाणे कुणी आत आलं नाही.

मग मधल्या खोलीतून कुकरची शिट्टी ऐकू आली.

मी बाहेर धावले. मालक आपल्या बाजूने, लिनक्समधून, माझ्या खणात उभे होते. विंडोजला स्वतःच्या घराचा पत्ता सापडत नव्हता, पण घर जागेवर होतं. आपण तिथलं एकच भांडं खरवडलं, बाकीच्यांना हात लावलेला नाही, हे मालकांना माहीत होतं. फक्त माझ्या परवानगीशिवाय दार उघडून बघणं त्यांना जमत नव्हतं. त्यांनी एकेक फाइल वाजवून दाखवली. कुकर होता. धंदेवाला होता. विहिरीकाठची ती बारीक टिकटिक, जिच्यासाठी मी चार दिवस भिजले होते, ती होती. "हाईत," ते म्हणाले. "सगळी हाईत. आता ह्यांना हितनं हलवूया."

हलवायचं म्हणजे कुठे, तर त्यांच्या खणात. दुसरी डिस्क आमच्याकडे नव्हती. आणि त्यांचा खण भजनांनी भरलेला होता. मी ते दर शनिवारी ऐकत आले होते, मला कुठली फाइल किती दिवस खपून भरलेली आहे हे पाठ होतं. मी म्हटलं, मालक, असं नको, काहीतरी दुसरं बघू. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या कॅसेटी माळ्यावर हायत. तुझी बेडकं हायत का माळ्यावर?"

आणि त्यांनी भजनं पुसली. भांड्यावर नाव घालताना करत तसंच प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत त्यांनी हुकूम लिहिला, परत वाचला, मला वाचायला लावला आणि एंटर दाबलं. क्षणभर मशीन गुरगुरलं आणि सगळं भजनी मंडळ गेलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि म्हणाले, जागा झाली.

दिवसभर बेडूक या खणातून त्या खणात जात राहिले. मालक खुर्ची सोडून उठले नाहीत. अक्कांनी जेवणाचं ताट वर आणून दिलं आणि खाली जाताना शेजारणीला खिडकीतून सांगितलं की आमच्याकडं पावणं आल्यात, चंदगडची.

ती भजनं परत भरायला मालकांना वर्षाच्या वर लागलं. कॅसेटी त्याच, पेटी तिथेच चुकलेली, खोकला तोच. मला सगळं पुन्हा ऐकावं लागलं आणि या वेळी मी मन लावून ऐकलं. त्या वर्षात माझा प्रबंध झाला. आभाराच्या पानावर मी त्यांचं नाव घातलं, तेव्हा त्यांनी ते पान तीनदा तपासून घ्यायला लावलं. पुढे मला दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि कळशी घेऊनच मी तिथून निघाले. आता मालक नाहीत, अक्काही नाहीत, लिनक्सही विंडोजच्या खणात आता बिनधास्त लिहितं आणि कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही. मला अजून वाटतं. कुणाच्या घरात शिरताना उंबऱ्यावर मी जरा जास्तच थांबते, असं माझा नवरा म्हणतो.

पण त्या दिवशी एक काम उरलं होतं. बेडूक मालकांच्या खणात सुखरूप पोचले होते, त्यामुळे दुकानदाराने येऊन माझा खण खुशाल पुसून विंडोज परत घातली असती तरी चाललं असतं. मालकांनी तसं सांगूनही टाकलं. उद्या त्यो येतोय, त्याला करू दे. माझा हात आता तिकडं जायचा न्हाई.

मी म्हटलं, त्याला नको बोलवायला, तुम्हीच नीट करा. खालची मेलेली ओळ तर तशीच आहे, तिच्यात जुन्या विंडोजचा पत्ता आहे. तसाच पत्ता वर लिहायचा, फक्त शेवटी जुन्या विंडोजच्या जागी नवीचं घर घालायचं.

"मला ठावं हाय कसं करायचं," ते म्हणाले. "करायचं न्हाई म्हणून सांगतोय."

"बेडूक तुमच्याकडे आहेत. बिघडलं तर काय बिघडणार आहे?"

"बेडकांचं न्हाई गं. मी एकदा इचारल्याबिगर हात घातला. आता तुला झोप लागायची न्हाई." त्यांचे हात मांडीखाली होते. शाळेत मार चुकवणारी मुलं बसतात तसे ते हात मांडीखाली घालून बसले होते, आणि मला एकदम त्यांची फार दया आली, आणि मग दया नव्हे, माया आली.

मी म्हटलं, "आता मी विचारतेय. आत या. लिहा. आणि नावही घाला."

"परत?"

"परत."

मग त्यांनी हात बाहेर काढले. खालच्या ओळीवरून पत्ता वर उतरवला, एकेक खूण मोठ्याने वाचत, आणि त्यातलं घर बदललं. नावाची जागा आली तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं, जणू मी आत्ताच खोली बघायला आलेय. मी सांगितलं. परत विचारलं, परत सांगितलं. तिसऱ्यांदा मी आपण होऊनच सांगितलं. ते बोटांवर मोजायला लागले. मोजायचं असलं की ते कानडीत मोजत, ओंदु, एरडु, मूरु.

"फुडं जागा ऱ्हातीया," ते म्हणाले. "मोकळी सोडली तर बरी दिसत न्हाई. नावाच्या फुडं गाव घालूया. जालना घालतो."

मी म्हटलं, "शिवाजी पेठ घाला."

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा बोटांवर मोजलं, एकदा, आणि खात्री करायला आणखी एकदा.

"बसतंय की," ते म्हणाले, आणि लिहायला लागले.